सुटे भाग : एक रसग्रहण

समीक्षकांनी आपल्याकडे फारसं काही सोडलेलं नाही. नवकवितेची समीक्षा झाली, ग्रामीण कथेची झाली, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची झाली. अलीकडे तर मिसळीची इतकी सखोल समीक्षा होते, की ती संपेपर्यंत मिसळीवरचा तवंग थिजतो. पण वाङ्मयाचा एक मोठा प्रांत अजून समीक्षकाच्या चष्म्याखाली आलेला नाही. तो म्हणजे महागड्या सायकलींच्या सुट्या भागांचं वाङ्मय. यात भागांच्या याद्या येतात, आकृत्या येतात, हमीपत्रं येतात, आणि भाग मागणारा व भाग न देणारा यांच्यातला पत्रव्यवहार येतो. या वाङ्मयाला वाचक थोडे. पण जे आहेत ते डोळ्यांत तेल घालून वाचतात, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून मिटतात.

आता मराठीचे प्राध्यापक म्हणतील, हा बी.कॉम. झालेला माणूस, याला समीक्षेचा अधिकार काय? तर सांगतो. बावीस वर्षं बँकेत काढल्यावर माणसाला दोन गोष्टी साधतात. एक, कुठल्याही कागदावरची बारीक अक्षरं आधी वाचणं; आणि दोन, ‘उपलब्ध नाही’ हे एकच वाक्य किती तऱ्हांनी लिहिता येतं ते ओळखणं. या वाङ्मयाला याहून जास्त पात्रता लागत नाही.

हे सगळं माझ्यापर्यंत आलं ते भाच्यामुळे. भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. आठवडाभर तो एका खुर्चीत बसून असतो, आणि शनिवार-रविवारी डोंगरात जाऊन त्याची भरपाई करतो. त्यासाठी त्याने माउंटन बाइक घेतली. किंमत साडेतीन लाख. ताईने आकडा ऐकला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे पेट्रोलसकट?" कर्जासाठी तो माझ्याकडे आला, पण वाहनकर्जाच्या कोष्टकात ही सायकल बसेना. नंबर नाही, आर.सी. बुक नाही, तेव्हा बँकेच्या लेखी ते वाहनच नाही. साडेतीन लाखांची वस्तू, आणि तारण म्हणून तिची लायकी शून्य. शेवटी वैयक्तिक कर्ज झालं. जामीन मी. त्यामुळे या विषयातला माझा रस निव्वळ वाङ्मयीन नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

या सायकलीच्या मागच्या चाकापाशी हँगर नावाचा एक तुकडा असतो. चेनला या चक्रीवरून त्या चक्रीवर ढकलणारं जे यंत्र, म्हणजे डिरेलर, ते या तुकड्याला टांगलेलं असतं. तुकडा अ‍ॅल्युमिनियमचा, बोटाच्या दोन पेरांएवढा. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. दगड लागला, सायकल आडवी झाली, तर आधी हा वाकावा किंवा तुटावा, आणि महागडी फ्रेम व महागडं डिरेलर वाचावं, अशी योजना. घरातल्या फ्यूजसारखी. कल्पना उत्तम आहे. हा भाग जन्माला येतो तोच मुळी हुतात्मा व्हायला.

फरक इतकाच की फ्यूजची तार कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची. हँगरचं तसं नाही. सायकल कंपन्यांनी वर्षानुवर्षं मॉडेलगणिक हँगरचा आकार निराळा ठेवला. कुणाला एक भोक, कुणाला दोन, कुणाचं नाक डावीकडे, कुणाची शेपटी वर. असे शेकडो आकार आज जगात आहेत. बळी द्यायला कंपनीने बोकड दिला, पण एकच. दुसरा कुठल्या बाजारात मिळतो ते सांगितलं नाही.

भाच्याचा हँगर पानशेतच्या बाजूच्या एका उतारावर कामी आला. त्यानंतर नऊ आठवडे साडेतीन लाखांची सायकल ताईच्या गॅलरीत ओल्या टॉवेलांना आधार देत उभी होती. कर्जाचे हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला, कुठलाही भाग न मोडता, सुरळीत चालू होते. त्या नऊ आठवड्यांत मी हे वाङ्मय वाचून काढलं.

या वाङ्मयातला सर्वांत श्रीमंत प्रकार म्हणजे आकृती. एखादा ब्रेक किंवा गिअर घ्यायचा, त्याचा हवेत स्फोट करायचा, आणि सगळे भाग जमिनीवर पडायच्या आत चित्रकाराने चित्र काढायचं, असा हा प्रकार असतो. प्रत्येक भागापाशी आकडा, आणि खाली यादीत त्या आकड्याचं नाव व क्रमांक. पात्रं पुष्कळ, कथानक नाही. तरीही वाचक शेवटपर्यंत खिळून राहतो, कारण आपलं पात्र नेमकं कुठलं हे त्याला कळलेलं नसतं.

या प्रकारात जपानच्या शिमानो कंपनीचं लेखन अभिजात म्हणावं लागेल. १९२१ साली ओसाकाजवळच्या साकाई इथे ही कंपनी निघाली, ती फ्रीव्हील बनवायला. १९८२ साली तिने खास डोंगरी सायकलींसाठी भागांचा एक संच काढला. त्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग असं आहे, की कळवण-सटाण्याकडचा कुठलाही देवरे ते आपलंच आडनाव म्हणून वाचील. कंपनीच्या याद्यांच्या उजव्या कडेला एक कोष्टक असतं : या मॉडेलचा भाग त्या मॉडेलला चालेल का? ‘ए’ म्हणजे भाग तोच. ‘बी’ म्हणजे चालेल, पण धातू, रूप, आकार यांत थोडा फरक. काहीच खूण नसली तर जमायचं नाही. आमच्याकडे पत्रिका जुळवणारे गुरुजी याच तीन श्रेण्या वापरतात. ‘बी’ला ते म्हणतात, "मुलगा उंचीला जरा कमी आहे, पण घर चांगलं आहे." इतक्या थोड्या जागेत इतकं स्पष्ट बोलणारं गद्य मराठीत कमी आहे.

पण आकृतीचा मोठा दोष असा, की चित्रात जे दिसतं ते सगळं विकायला असतंच असं नाही. तेल भरलेल्या ब्रेकमध्ये एक रबरी सील असतं, अंगठीएवढं. ते गेलं की तेल गळतं, आणि तेल गळलं की ब्रेक दाबला तर हात मुठीपर्यंत जातो आणि सायकल दरीपर्यंत. या सीलचा आकार ठाऊक, जागा ठाऊक, चित्र छापलेलं. पण कित्येक ब्रेकांच्या बाबतीत ते सुटं मिळत नाही. अख्खा संच घ्या! फाटकी दहाची नोट बदलायला आलेल्या माणसाला "पूर्ण बंडलच घ्या" असं आम्ही काउंटरवरून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ भरून वाहील.

त्यातही पथ्यं आहेत. काही ब्रेकांना खनिज तेल लागतं, काहींना मोटारीच्या ब्रेकमधलं डॉट नावाचं द्रव. एकाचं दुसऱ्यात घातलं तर सील फुगतं किंवा खराब होतं. डॉट हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावं लागतं. म्हणजे आपल्या घरातल्या दोन आजारी माणसांसारखं : एकाला मीठ बंद, दुसऱ्याला साखर बंद, आणि औषधाच्या बाटल्या एकाच फळीवर.

दुसरा प्रकार ‘स्टँडर्ड’ या नावाने ओळखला जातो. स्टँडर्ड म्हणजे प्रमाण, म्हणजे सगळ्यांचं एक, असा आपला भाबडा समज असतो. सायकलींच्या जगात हा शब्द अनेकवचनीच चालतो. मागच्या चाकाचा आस घ्या. तो १३५ मिलिमीटर होता, मग १४२ झाला. २०१५ च्या सुमारास १४८ आला, त्याचं नाव ‘बूस्ट’. त्यावर कडी म्हणून १५७, ‘सुपर बूस्ट’. नावं ऐकली की हे सायकलचे भाग नसून दुधात घालून प्यायची पावडर आहे असं वाटतं.

चाकाची तर आणखी गंमत. डोंगरी सायकलींना आधी २६ इंची चाकं होती, मग २७.५ आली, मग २९ नी बाजी मारली. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास मोजला, तर २६ इंचीचा ५५९ मिलिमीटर, साडेसत्तावीसचा ५८४, आणि २९ चा ६२२. आता आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. तिचं चाक २८ इंची, आणि तिचा हाच व्यास ६३५. म्हणजे २९ इंची चाकाची रिम २८ इंची चाकाच्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरने लहान! असा ताळेबंद मांडला तर आमचा ऑडिटर दुपारचा चहासुद्धा घेत नाही. खुलासा असा, की इंच टायरच्या बाहेरून धरलेले असतात, आणि नव्या सायकलीचा टायर चांगला गुबगुबीत असतो. खुलासा बरोबर आहे. पण प्रत्येक आकड्याला खुलासा लागावा याचंच नाव स्टँडर्ड.

पायडलांचा आस ज्या नळीतून जातो तिची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. तिला आत आटे असायचे आणि बेअरिंगचे कप आट्यांवर फिरवून बसवायचे. मग आटे काढून बेअरिंग नुसतं दाबून बसवायची टूम निघाली. बीबी-३०, प्रेसफिट-३०, बीबी-८६, बीबी-९२... फलाटावर लावलेला आरक्षणाचा तक्ता वाचतोय असं वाटावं. दाबून बसवलेली ही बेअरिंगं पुष्कळ सायकलींत कुरकुरायला लागली. तेव्हा आटे होते तेच बरे होते असं ठरलं, आणि २०१५ साली टी-४७ असं नवं नाव व नवा व्यास घेऊन आटे परत आले. फडताळात ठेवलेली नऊवारी ‘ब्रायडल कलेक्शन’ म्हणून काचेच्या कपाटात यावी, तसं.

समीक्षकाने न्यायाने बोलावं. रुंद आसाने चाक मजबूत होतं हे खरं आहे. मोठं चाक दगडावरून सहज जातं हेही खरं आहे. नवं काढण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती जुन्याचं पिंडदान इतक्या लगबगीने उरकण्याबद्दल. ज्या सायकलीचं लोखंड, कार्बन, रंग सगळं शाबूत आहे, तिच्या २६ इंची चाकाला साजेसा चांगला पुढचा चिमटा शोधायला निघावं, आणि दुकानदाराने आपल्याकडे टांग्याला घोडा मागितल्यासारखं बघावं, हे काही बरं नाही.

आणि या सगळ्यात जास्त नवल कशाचं वाटत असेल, तर ही माउंटन बाइक मुळात जन्माला आली ती भंगारातून. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा जिल्हा आहे. तिथली काही तरुण पोरं १९७० च्या दशकात १९३०-४० मधल्या श्विन कंपनीच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली मिळवत, नको ते पत्रे काढून टाकत, आणि डोंगरावरून धूळ उडवत खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत घेतली. शर्यतीचं नाव ‘रीपॅक’. कारण उतार असा, की मागच्या हबातला ब्रेक तापून आतलं सगळं ग्रीस धूर होऊन जाई, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. म्हणजे आपल्या भाषेत शर्यतीचं नावच ‘ओव्हरऑइलिंग’! गॅरी फिशरने अशा सायकलीला गिअर लावले, ड्रम ब्रेक लावले, मोटारसायकलच्या ब्रेकच्या मुठी लावल्या. जे मिळेल ते जिथे बसेल तिथे. १९७७ साली जो ब्रीझने खास डोंगरासाठी पहिली फ्रेम जोडली, तेव्हा कुठे या सायकलीला स्वतःचं अंग मिळालं. ज्या यंत्राचा जन्मच ‘याचं त्याला चालतं’ या तत्त्वावर झाला, त्याच्या बाबतीत पन्नास वर्षांच्या आत ‘याचं यालाही चालत नाही’ अशी अवस्था यावी, याला शोकांतिका म्हणायला ग्रीक भाषा यायची गरज नाही.

तिसरा प्रकार पत्रव्यवहाराचा. भाच्याने सायकल कंपनीला लिहिलं. (कंपनीचं नाव मी सांगत नाही, एका कंपनीचं नाव घेतलं तर बाकीच्यांना आपण सुटलो असं वाटेल.) पहिलं उत्तर मिनिटभरात आलं. त्यात आभार होते, अकरा आकडी तक्रार क्रमांक होता, आणि ‘आपलं समाधान हेच आमचं ध्येय’ होतं. दुसरं उत्तर आठ दिवसांनी. फ्रेमचा नंबर पाठवा. तो पायडलांच्या नळीच्या पोटाला कोरलेला आहे. भाच्याने सायकल उलटी केली, नंबर पाठवला. तिसरं उत्तर : बिलाची प्रत पाठवा. चौथं : तुटलेल्या भागाचा फोटो पाठवा, शेजारी फूटपट्टी ठेवून. पाचवं : आपल्या जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेता म्हणाला, "कंपनीला मेल टाका ना, सर."

"मामा, हे असं कसं?" भाचा मला म्हणाला.

"अरे, चार नंबरच्या काउंटरवरून सातवर, आणि सातवरून परत चारवर. आमच्या क्षेत्रात ही विद्या फार जुनी आहे," मी म्हटलं. "फक्त आमचे दोन्ही काउंटर एकाच छपराखाली असतात. माणूस चालून चालून दमतो, पण चिडला तर मॅनेजरच्या केबिनमध्ये तरी घुसतो. तू कुणाच्या केबिनमध्ये घुसणार?"

हाच खरा मुद्दा आहे. वस्तू आपल्या गॅलरीत असते, आणि केबिन सात समुद्रांपलीकडे.

चौथा प्रकार हमीपत्र. यातला ‘आजीवन हमी’ हा शब्दप्रयोग फार हृद्य आहे. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या जिवाची गोष्ट आहे. बारीक अक्षरांत पाहावं तर बहुधा हमी पहिल्या मालकालाच असते, ती मुख्यतः फ्रेमपुरती असते, आणि झीज, अपघात, चुकीची जोडणी ही सगळी वजा असते. म्हणजे जे होत नाही त्याची हमी आजीवन, आणि जे दर पावसाळ्यात होतं त्याची हमी नाही. आमच्याकडे पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात. स्वतः समोर उभं राहून ‘मी आहे’ म्हणून सही करतात. मला वाटतं, हाच नियम कंपन्यांना लावावा. आजीवन हमी देणाऱ्या प्रत्येक कंपनीने दर नोव्हेंबरात दाखला द्यावा की आपण अजून आहोत, आपला मालक तोच आहे, आणि आपल्याकडे भाग शिल्लक आहेत.

कारण कंपन्याही मरतात, किंवा दत्तक जातात. कॅननडेल कंपनीचा ‘लेफ्टी’ नावाचा एक चिमटा होता. चिमटा म्हणायचा, पण पाय एकच, डावा. चाक एका बाजूने धरलेलं. दिसायला चमत्कार आणि चालायलाही चांगला. पण त्याला हब खास, बेअरिंगं खास, आणि ती जागेवरून सरकली की परत बसवायची रीतही खास. ही कंपनी २००३ साली दिवाळखोरीत गेली आणि पुढे दुसऱ्यांच्या हाती गेली. इटलीच्या मार्झोकीच्या चिमट्यांचा धंदा २०१५ साली फॉक्सने घेतला. फ्रान्सची चाकं बनवणारी माविक २०२० साली न्यायालयाच्या दारात उभी राहिली आणि नव्या मालकाकडे गेली. अशा प्रत्येक वेळी घरोघरच्या गॅलऱ्यांत शेकडो सायकली रातोरात पोरक्या होण्याच्या भीतीत असतात.

इथे मला बँकवाला म्हणून बोललंच पाहिजे. १ एप्रिल २०२० रोजी आपल्याकडे दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. पाट्या बदलल्या, आय.एफ.एस.सी. कोड बदलले, चेकबुकं बदलली, लोकांनी आम्हाला हवं ते ऐकवलं. पण एकाही ठेवीदाराला कुणी सांगितलं नाही, की आजोबा, तुमचं खातं जुन्या मॉडेलचं आहे, त्याचे भाग आता येत नाहीत. विलीनीकरणात देणी आधी मोजतात. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात : धंदा घेतलात तर त्याची देणीही घेतलीत. विकलेल्या वस्तूचे सुटे भाग हे गिऱ्हाइकाचं देणं आहे. ते कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते बुडवलेलंही दिसत नाही.

देखभालीचा हिशेबही मी मांडून पाहिला. रॉकशॉक्सचा चिमटा घेतला, तर दर ५० तासांनी खालचे पाय काढून साफ करायचे, तेल बदलायचं. फॉक्सचा घेतला, तर १२५ तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. भाचा आठवड्याला सहा तास चालवतो. म्हणजे पहिल्या हिशेबाने दर आठ-नऊ आठवड्यांनी तेल, आणि अधूनमधून सीलचा संच. आमच्या वडिलांची सायकल वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी ओव्हरऑइलिंगला जायची, आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून उभी राहायची. पण ही तुलना तिथेच थांबवतो. ती सायकल पानशेतच्या उतारावरून सोडली असती, तर माळ सायकलीला नव्हे, फोटोला घालावी लागली असती.

चांगलं लिहिणारेही आहेत, त्यांचा उल्लेख न करणं अन्याय होईल. इंग्लंडमध्ये लँकेशरच्या बार्नोल्ड्सविक गावात १९८९ साली होप नावाची कंपनी निघाली. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेल्या दोघांनी काढलेली. आपल्या ब्रेकांचे पिस्टन आणि सील ती सुटे विकते, आणि बऱ्याच जुन्या मॉडेलांचेसुद्धा. अमेरिकेत ख्रिस किंगने १९७६ साली बेअरिंगची कामं सुरू केली, आणि त्याच्या नावाचे हब उघडून साफ करून परत जोडता येतील असे केलेले असतात. यांचा माल स्वस्त नाही. पण महाग वस्तूत आपण कशाचे पैसे देतो? चकाकीचे दिले तर ती पहिल्या चिखलात जाते. वीस वर्षांनी मिळणाऱ्या सीलचे दिले, तर ते पैसे ठेव म्हणून राहतात.

हँगरच्या बाबतीतही शहाणपण सुचलं, उशिरा का होईना. २०१९ साली स्रॅम कंपनीने ‘सर्वांसाठी एकच’ असा हँगर काढला आणि त्याचा नकाशा सगळ्या सायकल कंपन्यांना खुला केला. पुष्कळांनी घेतला. वाचकाला गहिवरून यावं असा हा प्रसंग. पण चांगल्या कादंबरीकाराप्रमाणे कंपनीने पुढचं प्रकरण राखून ठेवलं होतं. मार्च २०२३ मध्ये तिने नवा गिअर आणला, तो हँगरशिवाय थेट फ्रेमवर बसतो. आणि बसतो कुठल्या फ्रेमवर? ज्यावर तो सर्वांसाठीचा हँगर बसतो, त्याच. म्हणजे चार वर्षं गावाला फुकट पाणी पाजलं ते विहिरीशेजारी आपलं हॉटेल निघावं म्हणून की काय, अशी शंका येते. तरीही विहीर गावाला मिळाली हे खरं आहे. त्या नव्या डिरेलरचे काही भाग सुटे बदलता येतात, हेही खरं आहे. समीक्षकाने हेतूवर फार बोलू नये. पाणी गोड आहे.

भाच्याचा हँगर मात्र या शहाणपणाच्या आधीचा. तो आला, पण मूळ कंपनीकडून नव्हे. दुसऱ्यांचे हँगर पाडून विकणाऱ्या काही कंपन्या आहेत. कोलोरॅडोतली व्हील्स मॅन्युफॅक्चरिंग असे शेकडो नमुने बनवते. अशाच एका कंपनीच्या चित्रांसमोर भाच्याने आपल्या तुकड्याची ओळख परेड केली, आरोपी ओळखला, आणि पैसे पाठवले. पार्सलच्या खर्चात तसे दोन हँगर आले असते.

यावर सरकार काय म्हणतं? आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टु रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. सुरुवातीला क्षेत्रं चार घेतली : शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, आणि मोटारी. २०२४ साली युरोपनेही असा कायदा केला. त्याच्या सूचीत धुलाईयंत्र आहे, फ्रीज आहे, हलक्या वाहनांची बॅटरी लावलेल्या वस्तू आहेत. नुसत्या पायांनी चालवायची सायकल नाही. माझ्या बँकेला ती वाहन वाटत नाही, आणि कायद्याला ती यंत्र वाटत नाही. मग ती आहे तरी कोण?

उलट बाजूला आपली काळी सायकल बघा. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. पण त्या सायकलीची कॉटर पिन, छर्रे, कोन, ब्रेकची रबरं अजून सायकलच्या दुकानात डब्यात हात घातला की निघतात. कारण ती पिन एकट्या अ‍ॅटलसची कधी नव्हतीच. ती हीरोलाही चालायची, हर्क्युलिसलाही चालायची, आणि लुधियानातले कितीतरी लहान कारखाने ती पाडत. जो भाग सगळ्यांचा असतो तो कुणा एकाबरोबर मरत नाही. या सायकली चांगल्या होत्या म्हणून त्यांचे भाग टिकले असं नाही. त्यांचे भाग टिकले म्हणून त्या चांगल्या ठरल्या.

तेव्हा होतकरू वाचकांना, विशेषतः ज्यांचे मामा बँकेत आहेत त्यांना, एवढंच सांगणं आहे. कर्ज घेताना मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे जसं आधी विचारायचं असतं, तसं सायकल घेताना चार प्रश्न विचारावेत. हिचा हँगर कुठला, आणि आत्ताच्या आत्ता दोन जास्तीचे द्याल का? ब्रेकचं सील सुटं मिळतं का? चिमटा उघडणारा माणूस आपल्या गावात आहे का? आणि हे मॉडेल बंद झाल्यावर भाग किती वर्षं ठेवणार, ते बिलावर लिहून द्याल का? दुकानदार चारही प्रश्नांना हसला, तर आपणही हसावं, आणि चालत घरी यावं. हसत उत्तरं दिली, तर मात्र सायकल घ्यावी, कारण डोंगर काही आपली वाट बघत थांबलेले नाहीत असं भाचा म्हणतो.

एकंदरीत, प्रस्तुत वाङ्मय अभ्यासकांना उपयुक्त आहे. आकृत्या सुबक, छपाई स्वच्छ, मुखपृष्ठ आकर्षक. किंमत सर्वसामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरची असली तरी तिचे मासिक हप्ते पडतात. मधली काही पानं मात्र गळलेली आहेत, आणि ती सुटी मिळत नाहीत.